खून एकच, शिक्षा निरनिराळ्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कायद्याची कलमं आपल्याला सहसा पाठ नसतात. पण दोन आकडे मराठी माणसाला पक्के माहीत असतात: एक चारशे वीस आणि दुसरा तीनशे दोन. 'त्याच्यावर तीनशे दोन लागलंय' असं कुणी म्हटलं की पुढं काही विचारावं लागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचं कलम आता १०३ झालं. तरी जुना आकडा लोकांच्या तोंडून जायला एखादी पिढी लागेल. मीही आज जुनाच आकडा वापरणार आहे, कारण त्या आकड्याची भावकी फार लांबवर पसरलेली आहे.

हे कलम मोठं नाही. जो कोणी खून करील त्याला फाशी किंवा जन्मठेप आणि शिवाय दंड, एवढंच त्यात सांगितलंय. नवं कलम १०३ सुद्धा मूळ शिक्षेबाबत हेच सांगतं. पण यातून दोन प्रश्न शिल्लक राहतात. फाशी की जन्मठेप, हे कशावरून ठरवायचं? आणि जन्मठेप म्हणजे नेमकी किती वर्षं? या दोन प्रश्नांना जगात जागोजागी वेगवेगळी उत्तरं दिली गेली आहेत, आणि आरोपीचं पुढं काय होणार हे बरंचसं त्या उत्तरांवर ठरतं.

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं भारतीय दंडसंहितेचा मसुदा १८३७ मध्ये तयार केला. तो कायदा व्हायला १८६० साल उजाडलं आणि १ जानेवारी १८६२ पासून तो लागू झाला. इंग्रजांना तो इतका सोयीचा वाटला, की सिंगापूर, मलाक्का, पेनांग या वसाहतींसाठी त्यांनी १८७१ मध्ये जवळजवळ तोच उचलला. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानातच होता. पाकिस्तान आणि नंतर बांगलादेश वेगळे झाले, तेही हाच कायदा बरोबर घेऊन. त्यामुळे आजही पाकिस्तान, बांगलादेश, सिंगापूर, मलेशिया या चारही देशांत खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ हेच आहे. एका वाड्यातले भाऊ वेगळे निघावेत आणि प्रत्येकानं आपापली चूल मांडावी, तसं हे झालं.

आता या चुलींवर काय शिजलं ते पाहा. सिंगापूरमध्ये खुनाला एकच शिक्षा होती, फाशी. न्यायाधीशाला निवडीला वावच नव्हता. २०१२ मध्ये तिथं दुरुस्ती झाली. ठार मारण्याचाच हेतू होता असं सिद्ध झालं, तर आजही तिथं फाशी सक्तीची आहे. पण हेतू केवळ गंभीर इजा करण्याचा होता आणि त्यातून माणूस दगावला, अशा प्रकारच्या खुनात न्यायाधीश आता जन्मठेप देऊ शकतो, वर वेताचे फटकेही. शेजारच्या मलेशियानं सक्तीची फाशी २०२३ मध्ये रद्द केली. तिथं आता फाशी किंवा ३० ते ४० वर्षांचा कारावास, आणि फाशी न दिल्यास फटके. श्रीलंकेची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं न्यायालयं खुनाला फाशी सुनावतात, पण १९७६ नंतर तिथं एकालाही फाशी दिलेली नाही. म्हणजे शिक्षा कागदावर एक आणि तुरुंगात दुसरी.

पाकिस्ताननं १९९० मध्ये कलम ३०२ चा आकडा ठेवला आणि आतला मजकूर बदलला. खून हा सरकारविरुद्धचा गुन्हा नसून तो मृताच्या वारसांविरुद्धचा आहे, ही कल्पना कायद्यात आली. वारस खुन्याला माफ करू शकतात, किंवा 'दियत' म्हणजे भरपाईची रक्कम घेऊन तडजोड करू शकतात. ऐकायला हे दयाळूपणाचं वाटतं. पण मारणारा घरचाच असेल तर? भावानं बहिणीला मारलं आणि आईवडील वारस ठरले, तर माफी द्यायची कुणी आणि कुणाला? जुलै २०१६ मध्ये कंदील बलोच या प्रसिद्ध तरुणीचा तिच्या भावानं खून केला. त्यानंतरच्या संतापातून त्याच वर्षी पाकिस्तानी संसदेनं कायदा केला, की इभ्रतीच्या नावाखाली केलेल्या खुनात वारसांनी माफी दिली तरी जन्मठेप टळणार नाही. या भावाला २०१९ मध्ये जन्मठेप झाली. २०२२ मध्ये लाहोर उच्च न्यायालयानं त्याला सोडून दिलं. आईनं मुलाला माफ केलेलं होतं.

आपल्याकडं काय घडलं? आपल्याकडं बदल कलम ३०२ मध्ये झाला नाही, तो फौजदारी प्रक्रिया संहितेत झाला. १८९८ च्या संहितेत तरतूद होती, की खुनाबद्दल फाशी न देता दुसरी शिक्षा दिली, तर फाशी का दिली नाही याचं कारण न्यायाधीशानं लिहून ठेवायचं. म्हणजे फाशी हा रिवाज आणि जन्मठेप हा अपवाद. १९५५ मध्ये ही अट काढून टाकली. त्याच कायद्यानं काळं पाणीही गेलं आणि त्या जागी जन्मठेप आली. मग १९७३ ची संहिता आली आणि तिनं सगळं उलटं केलं. आता फाशी दिली, तर ती का दिली याची 'विशेष कारणं' लिहायची. ३०२ तेच, आरोपी तसेच, गुन्हे तसेच. फक्त कारण कशाचं द्यायचं ते बदललं.

पुढं १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढं प्रश्न आला, की फाशी मुळात घटनेत बसते का. चौघांनी बसते म्हटलं, पण ती 'दुर्मीळातल्या दुर्मीळ' प्रकरणातच द्यावी असं बंधन घातलं. पाचवे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांचं मत वेगळं पडलं. शिक्षा कुठल्या न्यायाधीशापुढं आपण उभे राहतो यावर अवलंबून राहील, अशी त्यांची तक्रार होती.

ती तक्रार हवेतली नव्हती. उत्तर प्रदेशातल्या पिलिभीतचं एक प्रकरण आहे. चार माणसांच्या खुनाबद्दल तिघांना सत्र न्यायालयानं फाशी दिली. तिघांचा सहभाग सारखाच मानला गेला होता. तिघांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पीठांपुढं गेले. एकाचा अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्याची फाशी १९७७ मध्ये दुसऱ्या पीठानं जन्मठेपेत बदलली. तिसऱ्याचा अर्ज फेटाळला, फेरविचार फेटाळला, दयेचा अर्जही फेटाळला गेला. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी पहिल्याला फाशी झाली. तिसरा वाचला तो केवळ ऐनवेळी नवा अर्ज करून स्थगिती मिळवली म्हणून. १९८२ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठापुढं हा सगळा घोळ उघड झाला आणि न्यायालयानं तिसऱ्याची फाशी जन्मठेपेत बदलावी अशी शिफारस राष्ट्रपतींना केली. एकच गुन्हा, एकच देश, एकच न्यायालय. तरी एक फासावर गेला. परदेशातल्या तफावतीची चर्चा करताना हे घरचं उदाहरण मला नेहमी आठवतं.

ज्या इंग्रजांनी आपल्याला ३०२ दिलं, त्यांच्या स्वतःच्या देशात शेवटची फाशी ऑगस्ट १९६४ मध्ये झाली. १९६५ पासून इंग्लंडमध्ये खुनाला एकच शिक्षा आहे, जन्मठेप. पण ती शिक्षा देतानाच न्यायाधीश भर न्यायालयात एक आकडा सांगतो: इतकी वर्षं पूर्ण होईपर्यंत याच्या सुटकेचा विचारसुद्धा होणार नाही. तो आकडा कुठून मोजायला सुरुवात करायची, ते संसदेनं २००३ मध्ये ठरवून दिलं. प्रौढ गुन्हेगारासाठी साधारणपणे १५ वर्षांपासून सुरुवात. बंदूक वापरली किंवा पैशासाठी खून केला तर ३०. आणि अगदी भयंकर प्रकरणात मरेपर्यंत कोठडी. मग प्रकरणाप्रमाणे वर्षं वाढवायची किंवा कमी करायची. ती संपली म्हणजे सुटका झालीच असंही नाही. पॅरोल मंडळाची खात्री पटावी लागते, आणि सुटल्यावरही माणूस आयुष्यभर अटींनी बांधलेला राहतो. मला या पद्धतीत एक प्रामाणिकपणा दिसतो. मृताच्या घरच्यांना आणि आरोपीला, दोघांनाही त्याच दिवशी कळतं की किमान किती वर्षं.

पण आकड्यांचीही फसगत होते. रस्त्यावरच्या चाकूहल्ल्यांना आळा बसावा म्हणून २०१० मध्ये तिथं नियम झाला, की मारण्यासाठी चाकू बरोबर घेऊन गेला असेल तर सुरुवात २५ वर्षांपासून. ठीक. पण बायकोला घरातच मारणाऱ्या नवऱ्याला चाकू बाहेरून आणावा लागत नाही. तो स्वयंपाकघरात असतोच. म्हणून त्याची सुरुवात १५ पासून! दहा वर्षांचा फरक, आणि तो कशावरून, तर चाकू कुठल्या खणातून काढला यावरून. मुली गमावलेल्या आयांनी हा मुद्दा लावून धरला, आणि २०२३ मध्ये क्लेअर वेड यांनी सरकारसाठी केलेल्या अहवालातही तो ठळकपणे आला.

जर्मनीत शिक्षेपेक्षा व्याख्येतच मेख आहे. तिथं माणूस मारण्याचे दोन मुख्य गुन्हे आहेत. एक साधा मनुष्यवध, त्याला साधारण पाच वर्षांपासून पुढं शिक्षा. आणि दुसरा खून, त्याला जन्मठेपच. खून ठरण्यासाठी हीन हेतू, क्रौर्य किंवा दगा असा काही घटक लागतो. दगा म्हणजे समोरचा बेसावध असताना त्याचा फायदा घेणं. ही व्याख्या १९४१ ची, नाझी काळातली. आता विचार करा. रोज मारहाण करणारा नवरा भांडताभांडता सरळ अंगावर जाऊन बायकोला मारतो. तो बऱ्याचदा साधा मनुष्यवध ठरू शकतो. तीच बायको अंगबळानं त्याला पुरी पडत नाही म्हणून तो झोपलेला असताना त्याला मारते. हा दगा, म्हणून खून, म्हणून जन्मठेप. अत्यंत अपवादात्मक परिस्थितीत मुदतीची शिक्षा देता येईल अशी वाट तिथल्या न्यायालयानं १९८१ मध्ये काढली. व्याख्या मात्र तशीच आहे.

आता जरा आपल्या जवळ येऊ, गोव्यात. पोर्तुगालनं सामान्य गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्येच रद्द केली आणि १८७० मध्ये तो निर्णय वसाहतींनाही लावला. म्हणजे इंग्रजी अमलातल्या वेंगुर्ल्यात खून झाला तर फाशीची टांगती तलवार, आणि दिवसभराच्या वाटेवरच्या पेडण्यात झाला तर ती नाही, असा तो काळ होता. १८८४ मध्ये पोर्तुगालनं जन्मठेपही रद्द केली. आजही तिथं कितीही घोर गुन्ह्याला २५ वर्षांपेक्षा जास्त शिक्षा होत नाही, आणि जन्मठेपेला तिथल्या राज्यघटनेनंच मनाई केली आहे. गोवा मुक्त झाला, भारतीय दंडसंहिता आली आणि त्याबरोबर तिथं फाशीही परत आली.

हा पोर्तुगीज कायदा मुंबईच्या एका खटल्यात अगदी अनपेक्षितपणे येऊन उभा राहिला. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. त्यातला आरोपी अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला. पोर्तुगाल त्याला असंच देईना. तेव्हा डिसेंबर २००२ मध्ये भारत सरकारनं लेखी हमी दिली, की त्याला फाशी होणार नाही आणि २५ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवलं जाणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारतात आला. ७ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयानं शिक्षा सुनावल्या. त्याच खटल्यात, त्याच दिवशी, दोन सहआरोपींना फाशी झाली आणि सालेमला जन्मठेप. याच स्फोटांच्या आधीच्या खटल्यातल्या याकूब मेमनला तर २०१५ मध्येच नागपूरला फाशी दिली गेली होती. पुढं सालेम सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की १२ ऑक्टोबर २००५ पासून २५ वर्षं पूर्ण झाली की सरकारनं दिलेला शब्द पाळायचा आणि त्याच्या सुटकेसाठी पावलं उचलायची.

यावर चिडणारे बरेच भेटतात. स्फोटांत घरचं माणूस गेलेल्यांनी चिडावं हे समजण्यासारखंच आहे. पण हमी दिली नसती, तर खटलाच झाला नसता. सालेम एक तर लिस्बनमध्ये राहिला असता किंवा आणखी कुठं पळाला असता. शिवाय दिलेला शब्द मोडला, तर पुढच्या वेळी कुठला देश आपल्याकडं आरोपी सोपवील? ज्या देशात फाशी नाही, त्याच्याकडून आणलेल्या आरोपीला फाशीऐवजी जन्मठेप, अशी तरतूद आपल्याच प्रत्यार्पण कायद्यातही आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडं वळू. जन्मठेप म्हणजे किती? आपल्याकडं कुणालाही विचारा, उत्तर येतं चौदा वर्षं. वर आणखी माहिती मिळते, की तुरुंगात दिवस वेगळा आणि रात्र वेगळी मोजतात, म्हणजे खरी सातच! कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर हे ठामपणे सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. दोन्ही गोष्टी खोट्या. दिवस-रात्र वेगळी कुठंच मोजत नाहीत. आणि जन्मठेप म्हणजे काय, हे १९६१ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलंय. तो अर्ज होता पुण्याच्या गोपाळ गोडसे यांचा. गांधीहत्येच्या कटाबद्दल ते जन्मठेप भोगत होते. तुरुंगात मिळालेली सूट धरली तर आपली वीस वर्षं भरली, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालय म्हणालं, जन्मठेप म्हणजे उरलेलं संपूर्ण आयुष्य. सूट देऊन सोडायचं की नाही तो सरकारचा अधिकार. पुढं १९६४ मध्ये ते सुटले, सरकारच्या निर्णयानं.

मग चौदा आले कुठून? १९७८ मध्ये कायद्यात नवं कलम घातलं गेलं. फाशीची तरतूद असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, किंवा फाशीची जन्मठेप केली गेली असेल, तर सरकारलाही सूट देऊन चौदा वर्षांच्या आत सोडता येणार नाही. म्हणजे चौदा ही खालची मर्यादा आहे. लोकांनी तिची वरची करून टाकली. पुढं न्यायालयांना वाटू लागलं, की फाशी फार होते आणि चौदा वर्षं फार कमी पडतात. त्यातून २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मधली पायरी काढली: जन्मठेप, पण अमुक वर्षं सुटकेचा विचारच नाही, किंवा आयुष्यभर नाही. २०१५ मध्ये घटनापीठानं तिला मान्यता दिली, पण असा हुकूम फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयच देऊ शकतं.

आकडा लहान दिसला म्हणून शिक्षा लहान असतेच असं नाही, हे सांगायला नॉर्वे बरा. जुलै २०११ मध्ये तिथं एका माणसानं एकाच दिवशी ७७ जणांना मारलं. त्याला शिक्षा झाली २१ वर्षांची, आणि आपल्याकडच्या वाचकांनी कपाळावर हात मारून घेतला. पण ती साधी कैद नव्हती. मुदत संपल्यावर तो समाजाला अजून धोकादायक आहे असं न्यायालयाला वाटलं, तर ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, आणि त्याला शेवट नाही.

अमेरिकेत राज्याराज्यांचे कायदेच वेगळे. मिशिगननं खुनासाठीचा मृत्युदंड १८४६ मध्ये रद्द केला. टेक्सासमध्ये १९८२ पासून साडेपाचशेहून अधिक लोकांना तो दिला गेला. आपल्याकडं दंडसंहिता सगळ्या देशाला एक आहे. पण जन्मठेपेच्या कैद्याला कधी सोडायचं, याचे नियम प्रत्येक राज्य सरकार आपापले करतं. म्हणजे निकालपत्रात शब्द एकच असला, तरी दरवाजा कधी उघडेल ते राज्यावर अवलंबून.

कुठलं राज्य, हाच प्रश्न बिल्किस बानो प्रकरणात आला. मार्च २००२ मध्ये गुजरातमध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि तिच्या तीन वर्षांच्या मुलीसह कुटुंबातल्या अनेकांचा खून झाला. गुजरातमध्ये निःपक्ष खटला चालणार नाही अशी भीती होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये तो मुंबईला हलवला. जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयानं अकरा जणांना जन्मठेप दिली. कैदी मात्र राहिले गुजरातच्या तुरुंगात. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारनं आपल्या १९९२ च्या धोरणाचा आधार घेऊन अकराही जणांना सोडलं. बलात्कार आणि खुनाच्या कैद्यांना सूट नाकारणारं त्याच राज्याचं नवं धोरण २०१४ मध्ये आलं होतं. पण शिक्षा झाली तेव्हा जुनं धोरण लागू होतं, असा युक्तिवाद होता. मुंबईच्या न्यायाधीशांनी सुटकेविरुद्ध मत दिलं होतं, ते बाजूला पडलं. गोध्र्याच्या तुरुंगाबाहेर हार घालून त्यांचं स्वागत झालेलं लोकांनी टीव्हीवर पाहिलं.

बिल्किस बानो पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली. ८ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि उज्जल भुयान यांनी सुटकेचा आदेश रद्द केला. कायद्याचे शब्द स्पष्ट होते: गुन्हा कुठं घडला किंवा कैदी कुठल्या तुरुंगात आहे, याला महत्त्व नाही, ज्या राज्यात शिक्षा सुनावली गेली, त्या राज्याच्या सरकारलाच सूट देण्याचा अधिकार. शिक्षा सुनावली होती महाराष्ट्रात. २१ जानेवारी २०२४ च्या रात्री ते अकरा जण गोध्र्याच्या तुरुंगात परत हजर झाले. सुटकेसाठी त्यांना अर्ज करायचाच असेल, तर तो आता महाराष्ट्र सरकारकडं करावा लागेल.